इंद्रायणी तांदळाची विक्री व लिहितें यंत्र

पीक काढणें व पीक विकणें हे दोन निराळे धंदे होत, आणि आपल्याकडील शेतकरी पहिल्यांत जितका निष्णात तितकाच दुसऱ्यांत मुका असतो. अडत्याच्या गाळ्यावर माल टाकला कीं पुढें बोलण्याचें काम अडत्याचें, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. परंतु २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून मोकळा केला, शेतकऱ्यांचे आठवडे बाजार शहरांतून भरूं लागले, आणि गिऱ्हाइकाशीं समक्ष बोलण्याची पाळी शेतकऱ्यावर आली. घरचा तांदूळ, गूळ वा डाळ परभारें विकणाऱ्यांचीहि गोष्ट तीच आहे.

ताथवड्याचेंच पहा. पशुसंवर्धन खात्याच्या वळू-माता प्रक्षेत्रामुळें शेतकऱ्यांस परिचित असलेलें हें गांव आज पिंपरी-चिंचवड महापालिकेंत असून तेथें महाविद्यालयें व उंच इमारती उभ्या आहेत. शेजारच्या हिंजवडींत नोकरी करणारीं परप्रांतींचीं कुटुंबेंहि या भागांत पुष्कळ आहेत. मावळचा इंद्रायणी तांदूळ त्यांच्या दारापासून फार दूर पिकत नाहीं. पण पिशवीवरील नांव वाचून आंतला दाणा कोठला, हें त्यांस कळण्यास मार्ग नसतो. तें त्यांस खऱ्या व नेमक्या शब्दांत सांगणें, हेंच आतां विक्रीचें मुख्य काम झालें आहे.

या कामीं कृत्रिम बुद्धिमत्तेचें लिहितें यंत्र साह्य करूं शकतें. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं ‘चॅटजीपीटी’ सर्वांस खुलें झालें. त्यानंतर ‘जेमिनी’ इत्यादि तशींच साधनें आलीं. हातांतील मोबाइलवर मराठींत लिहून वा बोलून त्यांस काम सांगतां येतें. या लेखी वा तोंडी सूचनेस ‘प्रॉम्प्ट’ म्हणतात. अफाट लिखाण वाचवून, कोणत्या शब्दामागें कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हें या यंत्रास शिकविलेलें असतें. त्यामुळें भाषा त्यास येते. तुमचें शेत त्यानें पाहिलेलें नसतें. जेथें माहिती तोकडी पडते तेथें तें थांबत नाहीं, संभवनीय दिसेल असें कांहींतरी लिहून पुढें जातें. या यंत्राचा सारा गुण व सारा दोष या एका गोष्टींत सांठविलेला आहे. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार? म्हणून यंत्राकडे वळण्यापूर्वीं आपला आड भरून घ्यावा.

एका कागदावर पुढील बाबी टिपाव्यात : भाताची जात, गांव व खाचर, लावणी व कापणीचे महिने, खतें व औषधें कोणतीं दिलीं, भरडाई केव्हां व कशी झाली, तांदूळ नवा कीं जुना, पॉलिश केलेला कीं हातसडीचा, शिल्लक किती, पिशवी केवढी, भाव काय, पोंचविण्याचा वार कोणता. हें टिपण ज्यानें केलें त्याचें निम्मे काम झालें.

आतां योजना. ती हौसेवरून न करतां कोठारावरून करावी. समजा, ३० क्विंटल भात भरडून सुमारें २० क्विंटल तांदूळ हातीं आला. पांच किलोच्या पिशव्या केल्यास त्या ४०० होतात. आठ शनिवारीं विकावयाच्या तर दर शनिवारीं पन्नास. तेव्हां सूचना अशी द्यावी : ‘मी मावळांतील भात उत्पादक आहें. सोबत माझें टिपण आहे. ताथवडे व पुनावळे येथील गृहसंकुलांत आठ शनिवारीं ४०० पिशव्या विकावयाच्या आहेत. दर आठवड्यास कोणती एक गोष्ट सांगावी याचा तक्ता कर. टिपणांत नाहीं असें कांहीं लिहूं नकोस. माहिती कमी असेल तर प्रथम मला प्रश्न विचार.’ हें शेवटलें वाक्य आम्हीं विशेष महत्त्वाचें समजतों. प्रश्न विचारण्याची मुभा दिली म्हणजे यंत्राचें कल्पनेचें घोडे बरेच आंवरतें, आणि आपल्या टिपणांतील भोकेंहि आपणांस दिसतात.

तक्ता हातीं आल्यावर मूळ मजकूर लिहवून घ्यावा. त्यास वाचक कोण, लांबी किती, भाषा कशी, हें सांगावें. उदाहरणार्थ : ‘नव्या तांदळास पाणी किती घालावें हें दीडशें शब्दांत, घरांतील वडीलधाऱ्या बाईनें सांगावें तसें सोप्या मराठींत लिही. विशेषणें टाळ.’ गिऱ्हाइकाच्या उपयोगाची गोष्ट सांगणारी जाहिरात वाचली जाते. नवा तांदूळ कमी पाणी घेतो व लवकर मऊ होतो. इंद्रायणीचा भात मुळांतच किंचित चिकट व सुवासिक होतो. हातसडीच्या तांदळांत कोंड्याचें तेल राहत असल्यानें तो फार दिवस सांठवूं नये. हें ठाऊक नसलेली गृहिणी चिकट भात पाहून तांदूळच खोटा समजते, आणि गिऱ्हाईक तुटतें.

एकदां मूळ मजकूर पक्का झाला कीं त्याचींच निरनिराळीं रूपें काढावींत. दुधाचें दहीं, ताक, लोणी, तूप व्हावें तशी ही कृति आहे. ‘याच मजकुरावरून व्हॉट्सॲपचा चाळीस शब्दांचा निरोप, सूचनाफलकाचा कागद, पिशवीच्या पाठीवरील पांच ओळी, एक मिनिटाचें बोलण्याचें टिपण, तसेंच हिंदी व इंग्रजी भाषांतर करून दे, नवी माहिती घालूं नकोस,’ असें सांगितलें म्हणजे एका बैठकींत आठवड्याचें काम उरकतें. अमराठी गिऱ्हाइकास त्याच्या भाषेंत निरोप देणें लहान शेतकऱ्यास पूर्वीं खर्चाचें होतें. आतां तें जवळजवळ फुकट झालें आहे.

परंतु मुख्य सावधगिरी पुढें आहे. यंत्रानें लिहिलेला शब्द विकणाऱ्याच्या नांवावर जातो. ‘सेंद्रिय’, ‘मधुमेहावर गुणकारी’, ‘मानांकनप्राप्त’ हे शब्द न सांगतांहि तें घालतें, कारण जाहिरातींत ते वारंवार येतात. इंद्रायणी ही वडगांव मावळच्या भात संशोधन केंद्रांत आंबेमोहोर १५७ व आयआर ८ यांच्या संकरांतून निघालेली व १९८७ सालीं प्रसृत झालेली जात आहे. भौगोलिक मानांकन मिळालें तें आंबेमोहोरास, २०१६ सालीं. दोहोंचा सुवास व प्रदेश जवळचा, म्हणून यंत्र एकाचा मान दुसऱ्यास सहज देऊन टाकतें. अन्नपदार्थाच्या फसव्या जाहिरातीबद्दल २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ प्रमाणें दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. आणि ‘हें यंत्रानें लिहिलें’ असें म्हटल्यानें ती जबाबदारी टळत नाहीं. दंडाहूनहि मोठी हानि विश्वासाची. एका इमारतींतील शंभर कुटुंबें एकाच व्हॉट्सॲप गटांत असतात; एक खोटा शब्द संध्याकाळपर्यंत सर्वांस कळतो, आणि पुढील हंगामीं ते फाटक आपणांस बंद होतें.

म्हणून मजकूर बाहेर पाठविण्यापूर्वीं तीन कामें चुकवूं नयेत. पहिलें, प्रत्येक आंकडा व प्रत्येक दावा टिपणाशीं ताडून पाहावा. टिपणांत नसेल तें खोडावें. दुसरें, मजकूर मोठ्यानें वाचावा. मराठींपेक्षां इंग्रजी लिखाण यंत्रानें कितीतरी अधिक वाचलेलें असल्यानें त्याची मराठी पुष्कळदां भाषांतराची वाटते. ‘शेतांतून थेट आपल्या टेबलावर’ असें तें लिहील तेथें ‘आमच्या खाचरांतला तांदूळ तुमच्या घरीं’ असें आपण करावें. तिसरें, गिऱ्हाइकांचीं नांवें, पत्ते व दूरध्वनि क्रमांक यंत्रास देऊं नयेत, आणि यंत्रानें काढलेलें हिरवेंगार चित्र आपलें शेत म्हणून छापूं नये. स्वतःच्या खाचराचें साधें छायाचित्र अधिक काम करतें, कारण तें पाहण्यास गिऱ्हाईक एखाद्या रविवारीं खरोखरच येऊं शकतें.

हा मार्ग भाजीपाला, गूळ, दूध यांसहि लागू आहे. आमची वाचकांस सूचना एवढीच कीं, येत्या कापणीस मळणीच्या नोंदीबरोबर वर सांगितलेलें टिपणहि लिहून ठेवावें. शेतकऱ्यानें आपलें खरें त्यास नेमकें सांगितलें, तर यंत्राकडून लेखनिकाचें काम चांगलें करून घेतां येतें.