परिवलन, परिभ्रमण आणि एक सूक्ष्म तार

पृथ्वी स्वतःभोवती फिरते ते परिवलन आणि सूर्याभोवती फिरते ते परिभ्रमण, हे आपण भूगोलाच्या वर्गात शिकतो. डोळ्यांना कधीही न दिसणाऱ्या इलेक्ट्रॉनलाही परिवलन असावे, अशी कल्पना १९२५ साली हॉलंडमधील लायडन येथे उलेनबेक व गाउडस्मिट या दोन तरुणांनी मांडली. ज्येष्ठ शास्त्रज्ञ लोरेंट्झ यांनी गणित करून दाखविले की, इलेक्ट्रॉन खरोखरच भोवऱ्यासारखा फिरत असेल तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाच्या वेगाहूनही अधिक भरेल. तरुणांनी निबंध मागे घेण्याचे ठरविले. परंतु त्यांचे गुरू एरेनफेस्ट यांनी तो आधीच छापावयास धाडला होता! पुढे कल्पना खरी ठरली. भोवऱ्याचे चित्र मात्र सोडून द्यावे लागले. परिवलन हा इलेक्ट्रॉनचा अंगभूत गुण होय. त्याच्यामुळे प्रत्येक इलेक्ट्रॉन म्हणजे जणू एक चिमुकली चुंबकसूची असते. आणि कोणत्याही दिशेने मोजली तरी ती 'वर' किंवा 'खाली' अशी दोनच उत्तरे देते.

आता प्रश्न असा की, ही सूची वळवावयाची कशी? जवळ चुंबक आणला तर ती वळेल, हे उघडच आहे. पण निसर्गाने दुसरीही एक युक्ती योजिली आहे. विद्युत्क्षेत्रातून धावणाऱ्या इलेक्ट्रॉनला ते क्षेत्र अंशतः चुंबकीय क्षेत्रासारखे भासते. म्हणजे इलेक्ट्रॉनची गतीच त्याच्या सूचीला वळविते! परिवलन आणि गती यांच्या या नात्यास 'परिवलन-कक्षा युग्मन' असे म्हणतात. इंडियम, अँटिमनी अशा जड मूलद्रव्यांच्या स्फटिकांत ते विशेष प्रबळ असते.

हे नाते समजण्यासाठी एक प्रयोग करून पाहा. चेंडूवर खडूने ठिपका काढा व तो ठिपका वर येईल असा चेंडू जमिनीवर ठेवा. चेंडू न घसरता पुढे पाव वळसा लोटा. मग तितकाच उजवीकडे, मग मागे आणि शेवटी डावीकडे. चेंडू मूळ जागी आला, पण ठिपका वर नाही. तो डाव्या बाजूस गेला आहे! आता दोन पट्ट्या समांतर ठेवून त्यांच्यामधून चेंडू केवळ पुढे व मागे लोटा. मूळ जागी येताच ठिपकाही बिनचूक वर येतो. चेंडू हळू लोटला की जोराने, याने काहीच फरक पडत नाही. ठिपका किती वळला हे केवळ अंतरावर ठरते.

इलेक्ट्रॉनच्या सूचीचेही असेच आहे. रुंद स्फटिकात तो अडखळत, दिशा बदलीत जातो. प्रत्येक वळणावर सूचीचा आस बदलतो आणि तिची मूळ दिशा कोणती होती, हे थोड्याच वेळात हरवून जाते. परंतु अरुंद तारेत पुढे आणि मागे असे दोनच मार्ग असतात. पुढे जाताना सूची जितकी वळते, तितकीच मागे येताना उलट वळते. तार जितकी अरुंद, तितकी ही स्मृती अधिक टिकते.

म्हणूनच शास्त्रज्ञ नॅनोतारांकडे वळले. केसाच्या जाडीचे सुमारे हजार भाग करावेत, तेवढी या तारेची जाडी. सोन्याच्या सूक्ष्म कणाखाली इंडियम आर्सेनाइडचा स्फटिक अंकुराप्रमाणे उभा वाढतो आणि तार तयार होते.

विद्युत्दाब बदलून सूचीचे वळणे कमीअधिक करता येईल व त्यावर चालणारा ट्रान्झिस्टर घडविता येईल, ही कल्पना अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात सुप्रियो दत्ता आणि विश्वजित दास यांनी १९९० साली मांडली. यांपैकी दत्ता हे आपल्याकडील खरगपूर येथे शिकलेले. पुढे २०१० साली हॉलंडमधील डेल्फ्ट येथील संशोधकांनी इंडियम आर्सेनाइडच्या तारेत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनची सूची केवळ विद्युत्क्षेत्राच्या साह्याने वळवून दाखविली. पुंज संगणकात 'वर' व 'खाली' या दोन अवस्थांनी अक्षरांचे काम करावे, हा त्यामागील हेतू.

परंतु सारेच साधले असे नव्हे. त्या तारेत सूचीची स्मृती सेकंदाच्या एक कोट्यंशाहूनही कमी काळ टिकली. याचे मोठे कारण असे की, इंडियम व आर्सेनिक यांच्या अणुकेंद्रांनाही स्वतःचे परिवलन असते, आणि त्या असंख्य चिमुकल्या चुंबकांच्या गजबजाटात एकट्या इलेक्ट्रॉनची सूची डळमळते. सिलिकॉन व जर्मेनियम यांची बहुसंख्य अणुकेंद्रे या बाबतीत निश्चल असतात. म्हणून त्यांच्या तारांवर संशोधन चालू आहे. ज्या नात्यामुळे सूची सहज वळते, त्याच नात्यामुळे बाहेरील विद्युत्क्षेत्राची चंचलताही तिच्यापर्यंत पोचते. वळविण्यास सोपी आणि तरीही स्थिर अशी सूची कोठे मिळेल, हा प्रश्न अद्याप सुटलेला नाही. आमच्या बालवाचकांपैकी कोणी पुढे त्याला हात घालील, अशी आम्हांस आशा आहे. तोवर चेंडू, खडू आणि दोन पट्ट्या तर प्रत्येकापाशी आहेतच!