जुनी पद्मिनी घेण्यापूर्वीं

टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यांवरून २०२३ सालीं निवृत्त झालेली कुर्ल्याची ‘पद्मिनी’ कांहीं हौशी घरांत अद्याप जपलेली आढळते. अशी गाडी घेणारा गृहस्थ बहुधा प्रथम इंजिनाचा आवाज ऐकतो. वस्तुतः त्यानें आधीं पायाखालचा पत्रा पाहावयास हवा. ह्या गाडीला निराळी चौकट नाहीं. पत्र्याची पेटी हाच तिचा सांगाडा. खाऱ्या, दमट हवेनें तळ व दारांखालच्या पट्ट्या गंजल्या असतील, तर वरचा ताजा रंग निव्वळ फसवा. पत्रा कापून नवा जोडण्याची मजुरी पुष्कळदां इंजिनाच्या दुरुस्तीहूनही भारी पडते.

उन्हाळ्यांत, रहदारींत गाडी एकाएकीं बंद पडते, त्याचें कारण निराळें. तापलेल्या इंजिनाजवळच्या नळींत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढवत नाहीं. पंपावर ओलें फडकें ठेवून थोडें थांबावें. खर्च कांहींच नाहीं. आजच्या पेट्रोलांतील २० टक्के इथेनॉल मात्र जुन्या रबरी नळ्या खराब करतें. त्या बदलण्यास पैसे थोडे लागतात. न बदलल्यास गळतीचें, पर्यायानें आगीचें, भय असतें.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनीं नवी करावी लागते, आणि त्याहून लहान पद्मिनी आज एकही नाहीं. त्या तपासणींतही गंजलेला पत्राच आड येतो.