झोपेची गोळी आणि चरबीची गोळी

रक्तातली चरबी वाढली की डॉक्टर रोज एक गोळी घ्यायला सांगतात. पाकिटावर तिचे नाव छापलेले असते. अटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन अशी ती नावे. शेवट बहुधा ‘स्टॅटिन’ असाच असतो.

ही गोळी काय करते? आपले यकृत, म्हणजे लिव्हर, कोलेस्टेरॉल नावाची चरबी तयार करते. गोळीमुळे ते काम मंदावते. मग रक्ताच्या नळ्या तुंबण्याचा धोका कमी होतो. हृदयाचा झटका आणि लकवा टळायला मदत होते. पण गोळी रोज घेतली तरच.

उतारवयात पुष्कळांना झोप लागत नाही. मग कोणी दुकानातून मेलाटोनिनची गोळी आणतो. अंधार पडला की आपल्या मेंदूतली एक बारीक ग्रंथी मेलाटोनिन सोडते. त्यावरून शरीराला रात्र झाल्याचे कळते. तेच या गोळीत घातलेले असते.

मग या दोन गोळ्या एकत्र चालतात का? या दोघींचे आपसात मोठे वैर असल्याचे आढळलेले नाही. म्हणून झोपेच्या गोळीसाठी चरबीची गोळी बंद करू नका. मात्र तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. झोपेची म्हणून विकतात ती प्रत्येक गोळी मेलाटोनिनची नसते. काहींत अश्वगंधा असते. झाडपाल्याचे औषध बाधत नाही, असे आपण समजतो. पण अश्वगंधा घेऊन काहींच्या लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्क देशाने २०२३ साली तिच्यावर बंदी घातली. चरबीची गोळीही लिव्हरमध्येच काम करते. तेव्हा डॉक्टरांना विचारल्यावाचून अश्वगंधा घेऊ नका.

दुसरी गोष्ट. चरबीची गोळी घेणाऱ्याला पुष्कळदा इतर गोळ्याही चालू असतात. खरी गाठ तिथेच पडते. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी चालू असेल, तर मेलाटोनिनने रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचा गुणही बदलू शकतो.

तिसरी गोष्ट. झोपेची गोळी आणि दारू एकत्र कधीही नको. गोळी घेतल्यावर अंगावर गुंगी असते. रात्रीची वीज आली म्हणून मोटार चालू करायला विहिरीवर जाऊ नका. ट्रॅक्टर किंवा मोटारसायकलही चालवू नका.

कारण नसताना अंग फार दुखू लागले, लघवी काळ्या चहासारखी झाली, किंवा डोळे पिवळे दिसले, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता एक सोपे काम करा. घरातली सगळी औषधे, चूर्णेसुद्धा, एका पिशवीत भरा. पाकिटावरची नावे स्वतः वाचा. मग ती पिशवी डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, “डॉक्टरसाहेब, यांतले काय एकत्र चालेल?” हे विचारण्यात लाज कसली? जीव आपला आहे.