समुद्रपक्षी पाहा, पण पायांकडेही लक्ष ठेवा!

नुसते ‘फिरायला जा’ म्हटले की मधुमेही रुग्ण कंटाळतात. पण पक्षी पाहायला नेले की तेच तासन् तास चालतात. म्हणून मी हा छंद अनेकांना सुचवतो. मात्र समुद्रकिनारी एक पथ्य पाळावे लागते.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही चौघे मंडणगड तालुक्यातील वेळासला गेलो होतो. ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणासाठी हे गाव प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली येथे काम सुरू केले. सकाळी चिमुकली पिल्ले लाटांकडे सरपटताना पाहिली. पुढे किनाऱ्यावर कुरव पक्ष्यांचा थवा होता. ओल्या वाळूत चिखल्या पक्षी तुरुतुरु धावत होते आणि वर ब्राह्मणी घार घिरट्या घालत होती. तीनेक किलोमीटर केव्हा चाललो, कळलेही नाही.

आमच्यातल्या एका निवृत्त गुरुजींना बारा वर्षांचा मधुमेह. पाहतो तर चपला त्यांच्या हातात!

“गुरुजी, चपला घाला.”

“अहो डॉक्टर, वाळू किती मऊ आहे!”

त्यांना खाली बसवून तळवे पाहिले. डाव्या टाचेत शिंपल्याचा तुकडा रुतून रक्त येत होते. गुरुजींना पत्ताच नव्हता! जखम स्वच्छ पाण्याने धुऊन पट्टी बांधली. वेळीच दिसली म्हणून ती लवकर भरली.

वाचकहो, दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा बधिर होतात. काटा, शिंपला, तापलेली वाळू यांची वेदना मेंदूपर्यंत पोचत नाही. रक्तपुरवठाही कमी झालेला असेल तर जखम चिघळते आणि प्रसंगी पाय कापण्याची पाळी येते. म्हणून हे लक्षात ठेवा :

• किनाऱ्यावरही अनवाणी चालू नका. मोजे व बंद बूट वापरा. घालण्यापूर्वी बूट झटका.
• उपाशीपोटी निघू नका. खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवा. घाम व थरथर सुटली तर ते लगेच खा.
• दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. दहाच्या आत सावलीत या, पाणी पीत राहा.
• दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नका.
• घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि आरशात तळवे पाहा. जखम दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

कुरव हे थंडीचे पाहुणे. उन्हाळा लागला की उत्तरेकडे परततात. तेव्हा हिवाळ्यात एक रविवार त्यांच्यासाठी जरूर काढा, फक्त बूट घालून!