मॉडेलचा धुरा कुठे घालायचा?

वऱ्हाडात दोन वावरांमधल्या बांधाला धुरा म्हणतात, आणि तो वीतभर सरकला तरी तहसीलपर्यंत जोडे झिजतात. संगणकात जमिनीचं मॉडेल चालवणाऱ्यालाही आधी धुराच आखावा लागतो: हिशेब कुठपर्यंतच्या जमिनीचा करायचा?

समजा, खामगाव तालुक्यातल्या पिंपळगाव राजाच्या काळ्या जमिनीत जुलैअखेर ओल किती खोल गेली, ते काढायचंय. 'नोआ' हे त्यासाठीचं एक जुनं, चालतं मॉडेल. त्यात जमिनीचे चार थर असतात: 10, 30, 60 आणि 100 सेंटीमीटरचे, मिळून दोन मीटर. पाऊस, ऊन, वारा, दमटपणा यांचे आकडे वरून द्यायचे. किती पाणी मुरलं, किती वाहून गेलं, किती पिकानं ओढलं हे ते सांगतं. हा हिशेब चौकटीगणिक होतो. चौकट चार किलोमीटरची धरली तर साऱ्या देशाला दोन लाखांहून जास्त चौकटी लागतात. पिंपळगाव ज्यात येतं त्या 9,661 चौरस किलोमीटरच्या बुलडाणा जिल्ह्याला सहाशेच्या आसपास. म्हणजे देशाचं काम महासंगणकाचं, जिल्ह्याचं साध्या लॅपटॉपचं.

मग देश कापून जिल्हा ठेवला, तर पिंपळगावचं उत्तर बदलेल का? नाही. या मॉडेलच्या साध्या रूपात प्रत्येक चौकट एकलकोंडी असते, शेजारणीकडे काय चाललंय याची तिला खबर नसते. शेतकऱ्याला हे पटणार नाही. वरच्या वावरातलं पाणी आपल्यात शिरतं हे तो दर पावसाळ्यात बघतो.

कापताना घोळ होतो तो वेगळाच. पाऊस, माती, पीक यांच्या फाइली वेगवेगळ्या असतात आणि सगळ्या एकाच रेषेवर कापाव्या लागतात. एखादी फाइल एक ओळ सरकली आणि चौकटींची संख्या तेवढीच राहिली, तर मॉडेल बिनतक्रार चालतं. फक्त डोंगरातलं जंगल कपाशीच्या वावरावर येऊन बसतं. शिवाय प्रदेश लहान केला म्हणून पावसाचे आकडे बारीक होत नाहीत. हवामान खात्याची पावसाची रोजची जाळी पाव अंशाची, 135 गुणिले 129 बिंदूंची. तिच्या एका घरात पिंपळगावसोबत कितीतरी गावं येतात, आणि पाऊस तर धुऱ्याच्या अलीकडे पडून पलीकडे कोरडं ठेवतो.

पूर्णा नदीचा पूर काढायचा असेल तर मात्र जिल्ह्याची हद्द कुचकामी. पूर्णा उगवते सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या बैतूल जिल्ह्यात, आणि अमरावती, अकोला करून इकडे येते. धुरा तिथपर्यंत न्यावाच लागतो.

आणि पाऊसही मॉडेललाच पाडायचा असेल, तर धुरा दोन्ही समुद्रांपलीकडे. जमिनीची ओल आणि पाऊस यांचं नातं जिथे घट्ट आहे, अशा जगातल्या मोजक्या भागांत भारत असल्याचं 2004 मध्ये रँडल कोस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं. प्रदेश आखडता घेतला की कडेवरून भरलेले आकडेच आतला पाऊस ठरवू लागतात आणि हे नातं दबतं. 'वर्फ' या प्रचलित हवामान मॉडेलमध्ये तर कडेच्या पाच ओळी धरतच नाहीत. धुऱ्यालगतची तासं रोही खाणारच, हे शेतकरीही धरूनच चालतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं घडवलेली, 2025 मध्ये सुरू झालेली सहा किलोमीटरची 'भारत' अंदाज प्रणाली या कटकटीतून सुटली आहे: ती अख्ख्या पृथ्वीची, तिला धुराच नाही.

ओलीपुरतं म्हणाल तर मी धुरा लहानच ठेवीन आणि वाचलेला वेळ मातीवर घालवीन. मे महिन्यात इथल्या भारी जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मिरगाचं पहिलं पाणी त्या भेगांतून थेट खाली उतरतं आणि वरचं ढेकूळ कोरडंच राहतं. साध्या मॉडेलला भेग ठाऊक नसते. ते पाणी वरून खाली, थराथरानं जिरवत बसतं.