वायर घ्या, पण सोलून बघून!

मिक्सरचं भांडं कुठे बदलून मिळतं, कुकरची रिंग कोणाकडे चांगली, हे आपल्याला झोपेतही सांगता येतं. पण म्युझिक सिस्टीमच्या मागचं ते वायरींचं गुंताडं? तो 'ह्यांचा' नाहीतर चिरंजीवांचा प्रांत! आणि गाणी ऐकणार कोण? दिवसभर घरात वावरणाऱ्या आपणच की.

माझ्या मावसबहिणीने जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त करून घेतला. माळ्यावरचा किशोरीताई-कुमारजींच्या रेकॉर्ड्सचा खोका खाली आला. स्पीकरसाठी वायर आणायला गेली, तर दुकानातल्या मुलाने करंगळीएवढी जाड, चकचकीत केबल पुढे केली. "मॅडम, यानं आवाज खुलतो." किंमत ऐकून तिचे डोळे पांढरे झाले! ती रिकाम्या हाताने परत आली आणि मग आम्ही दोघींनी वायर घरीच करायची ठरवली.

यातलं गुपित अगदी साधं आहे. स्पीकरच्या वायरीत दोनच गोष्टी बघायच्या : तांबं खरं आहे का आणि पुरेसं जाड आहे का. चांदी तांब्यापेक्षा जेमतेम सहा टक्के जास्त वीज वाहून नेते, त्यामुळे तिच्या नावाने पैसे मोजण्यात अर्थ नाही. दिवाणखान्यात ५ मीटर वायर टाकायची असेल तर १.५ चौरस मिलिमीटरची, म्हणजे दुकानातल्या भाषेत 'दीडची', दोन पदरी वायर पुरते. जाऊन-येऊन १० मीटर तांब्याचा विरोध होतो साधारण ०.११ ओहम. समोर स्पीकर ८ ओहमचा. म्हणजे भाजीत मिठाचा एखादा कण कमी! स्पीकर ४ ओहमचा असेल किंवा वायर पार आतल्या खोलीपर्यंत न्यायची असेल, तर अडीचची घ्या. जुने दुकानदार 'चाळीस-छत्तीस' म्हणतात ना, ती म्हणजे ३६ गेजच्या ४० बारीक तारा. दीडपेक्षा थोडी कमी, पण छोट्या खोलीला चालते.

खरी फसगत असते ती वेगळीच. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. लेबलवर कधी 'सीसीए' लिहिलेलं असतं, कधी नसतंच. पुण्यात तपकीर गल्ली असो की मुंबईत लॅमिंग्टन रोड, दुकानातच टोक सोलायला सांगा आणि एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी निघाली की ठेवा परत. साडी घेताना पदर उलटून बघतोच ना आपण? ॲल्युमिनियम तांब्याच्या साधारण ६० टक्केच वीज वाहतं, शिवाय वळवताना लवकर तुटतं.

प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंतची वायर मात्र वेगळ्या जातीची. तिथला विद्युतप्रवाह इतका नाजूक, की शेजारून गेलेली विजेची वायरसुद्धा 'हम्म्' करून गाण्यात घुसते. म्हणून तिथे तांब्याच्या जाळीचं आवरण असलेली, माइकसाठी वापरतात तशी शिल्डेड वायर लागते. टीव्हीच्या डिश केबलचा उरलेला तुकडा वापरायचा मोह होईल, पण तिच्या आत बऱ्याचदा पोलाद असतं आणि वरची जाळी ॲल्युमिनियमची, जिला डाख धरतच नाही. रेकॉर्ड प्लेअरसाठी ही वायर मीटरभरच ठेवा. लांबी वाढली की तार सप्तकातली झळाळी बदलते.

डाख देणं म्हणजे कल्हईचीच धाकटी बहीण. २५ वॅटची इस्त्री (हो, तिला सोल्डरिंग आयर्न म्हणतात!), आत राळ भरलेली कथील-शिशाची तार, बस्स. आधी जोड तापवायचा, मग त्याला तार टेकवायची. तार नुसतीच टोकावर वितळवून थापली, तर जोड पुढे सुटतोच. खिडकी उघडी ठेवा आणि शिशाला हात लागल्यावर साबणाने धुतल्याशिवाय कणकेला लावू नका. प्लगची विजेची वायर मात्र या भानगडीत आणायची नाही, ते काम इलेक्ट्रिशियनचं.

जोडताना ॲम्प्लिफायर बंद हवा. लाल-काळ्याच्या तारांचा एकही केस एकमेकांना लागता कामा नये, नाहीतर तो जळू शकतो. सगळं झालं की एखादी तबल्याची रेकॉर्ड लावा. डग्गा पोकळ वाटला, गाणारीचा आवाज मधोमध न येता इकडे-तिकडे पसरला, तर एका स्पीकरच्या तारा उलट्या लागल्यात. ॲम्प्लिफायर बंद करून तेवढ्या एकाच्या अदलाबदल करा आणि पुन्हा ऐका.