मोठे टायर चढविले. गाडीच्या संगणकाला कळविले का?

थार, जिम्नी किंवा गुरखा घेतली की पुष्कळ हौशी मालकांचा पहिला खर्च टायरवर होतो. लडाखमधील दगडगोटे, जैसलमेरची वाळू, पावसाळ्यात सह्याद्रीतील चिखलवाटा, अशा ठिकाणी जाण्यासाठी उंच, जाड नक्षीचे टायर हवेत हे खरेच. शिवाय गाडीही रुबाबदार दिसते. दुकानदार टायर चढवितो, चाकांचा समतोल साधतो, दिशा जुळवून देतो आणि गाडी परत देतो. गाडीतील संगणकाच्या दृष्टीने मात्र चाक अजून जुन्याच मापाचे असते. त्याला कोणी काही सांगितलेलेच नसते.

आजच्या गाडीला आपला वेग थेट मोजता येत नाही. तिला मोजता येतात ते चाकाचे फेरे. प्रत्येक चाकापाशी दातेरी किंवा चुंबकीय कडे आणि त्याच्याजवळ एक संवेदक असतो. चाक एकदा फिरले की ठरावीक संख्येने विद्युत स्पंदने निघतात. एबीएसचा नियंत्रक ती मोजतो, स्मृतीत साठविलेल्या टायरच्या परिघाने गुणतो आणि येणारा वेग गाडीतील इतर नियंत्रकांना कळवितो. टायर बदलला की गुणाकारातील परिघ चुकतो. फेरे बरोबर मोजले जातात, उत्तर चुकीचे येते.

चूक किती होते हे कागदावर काढता येते. थारच्या काही प्रकारांना कंपनीकडून २४५/७५ आर १६ या मापाचा टायर येतो. यातील २४५ म्हणजे मिलिमीटरमधील रुंदी, ७५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे तो आकडा आणि १६ म्हणजे रिमचा इंचांतील व्यास. भिंतीची उंची १८३.७५ मिलिमीटर, वर आणि खाली मिळून ३६७.५. त्यात रिमचे ४०६.४ मिळविले की पूर्ण व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर होतो. हीच रीत २८५/७५ आर १६ ला लावली तर व्यास सुमारे ८३४ येतो. फरक ६० मिलिमीटरचा, म्हणजे पावणेआठ टक्क्यांचा. जुना टायर किलोमीटरमागे सुमारे ४११ फेरे घेत होता, नवा ३८२ घेतो.

याचा अर्थ, पूर्वी काटा अचूक होता असे धरले तर आता तो ८० दाखवीत असताना गाडी ८६ ने धावत असते. १०० वर असताना जवळजवळ १०८ ने. येथे एक गोष्ट मालकाच्या बाजूची आहे. वेगदर्शकाने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीतील ३९ वा नियम सांगतो. जास्त दाखविण्यास मात्र तो मर्यादित मुभा देतो. म्हणून बहुतेक कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. खरा वेग ९६ असताना काटा १०० दाखवीत असेल, तर २६५/७५ आर १६ या मधल्या मापाने, ज्याचा व्यास चार टक्क्यांहून किंचित कमी वाढतो, तो जवळजवळ अचूक होतो. ‘माझा काटा तर जीपीएसशी जुळतो’ असे काही मालक सांगतात त्याचे कारण हेच. त्यांची गणना सुधारलेली नसते. दोन चुका एकमेकींना खोडीत असतात.

माप त्यापुढे गेले की ही सवलत संपते. महामार्गावरील कॅमेरा खरा वेग टिपतो, काटा नव्हे. मर्यादेत गाडी चालवीत असल्याची खात्री असलेल्या चालकालाही चलान येऊ शकते. हलक्या वाहनांसाठी वेगमर्यादाभंगाचा दंड १,००० ते २,००० रुपये आहे. दंडापेक्षा गंभीर बाब थांबण्याची आहे. वेग पावणेआठ टक्क्यांनी वाढला की गतिज ऊर्जा सुमारे १६ टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी ब्रेकची पकड तीच आणि चाकाची त्रिज्या मोठी, त्यामुळे रस्त्यावर लागणारा रोध घटतो. घाट उतरताना चालक काट्यावर विसंबून अंतर राखतो आणि ते अंतर अपुरे पडते.

ओडोमीटरही कमी मोजतो. प्रत्यक्ष १०० किलोमीटरचे तो ९३ नोंदवितो. मोठ्या टायरने मायलेज पडले अशी तक्रार होते. त्यातील काही भाग खरा असतो, कारण टायर जड असतो आणि त्याची नक्षीही रस्त्याला अधिक घासते. उरलेला भाग केवळ मोजणीतील चुकीचा. १०,००० किलोमीटरला बदलायचे इंजिन तेल प्रत्यक्षात १०,७७५ ला बदलले जाते.

स्वयंचलित गिअरच्या गाडीत गोंधळ अधिक जाणवतो. तेथील नियंत्रक वेग, इंजिनाचे फेरे आणि ॲक्सिलरेटरची स्थिती पाहून गिअर निवडतो. वेग कमी असल्याची खबर मिळाली की बदलाची वेळ चुकते. चढावर गाडी वरच्या आणि खालच्या गिअरमध्ये घुटमळते. चारही टायर सारखे वाढले असतील तर एबीएस आणि स्थिरता नियंत्रण सहसा तक्रार करीत नाहीत, कारण ते मुख्यतः चाकांची परस्परांशी तुलना करतात. दोनच टायर बदलले किंवा स्टेपनी जुन्या मापाची ठेवली तर एक चाक घसरत असल्याचा समज होऊन दिवे लागतात. चारचाकी जोर लावलेल्या अवस्थेत अशी गाडी कोरड्या डांबरावर चालविली तर पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांमध्ये पीळ बसतो व ट्रान्सफर केसवर अकारण ताण येतो. मोठे टायर घ्यायचे तर पाच घ्यावेत, हा जाणत्यांचा आग्रह म्हणूनच रास्त आहे.

दुरुस्तीची सुरुवात संगणकापासून नव्हे, खडूपासून करावी. कारण टायरवर छापलेल्या मापावरून काढलेला परिघ हा गाडीचे वजन नसलेल्या चाकाचा असतो. वजनाखाली टायर दबतो. हवा योग्य दाबाने भरावी, सपाट जमिनीवर टायरला आणि जमिनीला खडूने खूण करावी, गाडी सरळ रेषेत चाकाचे पाच फेरे होईपर्यंत हळूच पुढे न्यावी आणि अंतर मोजून पाचाने भागावे. हा खरा चालता परिघ. मग मोकळ्या, सरळ रस्त्यावर स्थिर वेगाने जाताना शेजारी बसलेल्याने जीपीएसवरील वेग टिपावा. बोगद्यात, तीव्र चढावर किंवा दाट झाडीत घेतलेले आकडे उपयोगाचे नाहीत.

पुढचे काम डॅशबोर्डखालील ओबीडी जोडणीतून होते. तेथे निदानयंत्र लावून नियंत्रकातील टायरचा परिघ किंवा मापाचा संकेतांक बदलला जातो. पुण्याजवळील रांजणगाव येथे जुळणी होणाऱ्या रँग्लरसारख्या गाड्यांत मोठे टायर ही कल्पना मुळातच गृहीत आहे. त्यांच्यासाठी अशी साधने सहज मिळतात. इतर अनेक गाड्यांत अधिकृत सेवा केंद्राला कंपनीने त्या मॉडेलसाठी मान्य केलेल्या मापांतूनच निवड करता येते. त्याबाहेरचा आकडा हवा असेल तर काही जण संकेतांच्या मार्गात दुरुस्ती करणारी छोटी पेटी बसवितात. ती वेगदर्शकापुरतीच आकडा सुधारते की गिअरच्या नियंत्रकालाही, हे आधी विचारून घ्यावे. दोघांना दोन वेगवेगळे वेग कळणे हे न सुधारण्यापेक्षा वाईट. जुन्या जीपमध्ये हा सगळा व्याप नव्हता. वेगदर्शकाची केबल एका लहान दातेरी चाकावरून फिरे आणि ते चाक कमी-अधिक दात्यांचे बसविले की काम संपे.

आकडा दुरुस्त झाला तरी जोर परत येत नाही, हे मात्र दुकानात क्वचितच सांगितले जाते. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५ चा. त्याजागी २३५/७५ आर १५ बसविला तर व्यास पावणेसहा टक्क्यांहून थोडा अधिक वाढतो आणि प्रत्येक गिअरमध्ये जमिनीवर मिळणारी ओढ साडेपाच टक्क्यांनी घटते. दीड लिटरच्या इंजिनाला ती घट चढावर चांगलीच जाणवते. त्यावरचा उपाय धुऱ्यातील गिअरचे गुणोत्तर बदलणे हा आहे, आणि तो टायरपेक्षा महाग पडतो.

कायद्याची बाजूही पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हीच भूमिका कायम ठेवली. कलम १८२ अ अन्वये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. अपघातानंतर विमा कंपनीही टायरच्या मापावर बोट ठेवू शकते. त्यामुळे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या प्रकारासाठी कंपनीने दिलेले माप निवडणे सर्वांत सोयीचे. सेवा केंद्रातील यंत्रातही तेच माप आधीपासून असते.

काम झाल्यावर त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने जीपीएसची तुलना पुन्हा करावी. टायरमधील हवेचा अंदाज चाकांच्या फेऱ्यांवरून घेणारी प्रणाली असेल तर ती नव्याने शिकवावी लागते, आणि दिशा जुळविताना स्टीअरिंगचा शून्य कोनही तपासून घ्यावा. ओडोमीटरवर आधी साचलेला आकडा या दुरुस्तीने बदलत नाही, बदलूही नये. टायर कोणत्या आकड्याला चढविले ते सेवा पुस्तिकेत लिहून ठेवावे. गाडी विकताना मूळ टायर परत बसविणार असाल, तर परिघही मूळचा भरून द्यावा लागेल.